वायपरच्या स्विचचा वाद

यशवंता, तुझ्या शोकसभेत ज्या माणसाला श्रद्धांजली वाहिली गेली, त्या माणसाला मी ओळखत नाही. ‘शांत स्वभावाचे, सर्वांचे ऐकून घेणारे, कोणाशी कधीही वाद न घालणारे यशवंतराव’ असे आपल्या कारखान्याचे निवृत्त व्यवस्थापक माईकसमोर म्हणाले, तेव्हा मी तिसऱ्या रांगेतून मोठ्याने विचारले, “कोण?” लोकांना वाटले, म्हाताऱ्याला नीट ऐकू आले नसावे. मला सगळे ऐकू येते. ऐकू येत नव्हते ते तुला. आणि ते मी या लेखात लिहिणार आहे, मालतीवहिनींची परवानगी घेऊन लिहिणार आहे.

वाद न घालणारा म्हणे! एका वायपरच्या स्विचवरून तू माझ्याशी वर्षानुवर्षे भांडलास. जेवताना भांडलास, त्र्यंबक रोडवर गाडी चालवताना भांडलास, माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता हातात घेऊन भांडलास. इस्पितळाच्या खाटेवर तोंडाला नळी असतानाही भांडलास. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुझ्याकडून ते काढून घेतले तर उरलेला माणूस सभेत हार घालण्यापुरताच उरतो, आणि तुझा असा चोथा मी होऊ देणार नाही.

व्यवस्थापकांचे दुसरे विधान असे की, गाडी हा तुझा ‘निवृत्तीनंतरचा विरंगुळा’ होता. साफ खोटे. निवृत्तीला पुष्कळ अवकाश असताना, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी, तू कारखान्याच्या कँटीनमध्ये जुन्या कॅलेंडरचे एक पान माझ्या ताटाशेजारी ठेवलेस. पानावर इंग्लंडातली, आपल्या तरुणपणच्या काळातली, दोन माणसांची उघडी गाडी होती. लांब नाक, गोल दिवे, बुटकी काच.

“ही करायची,” तू म्हणालास.

“घ्यायची म्हणतोस?”

“घ्यायला पैसं लागत्यात. करायची म्हणलो मी. सांगाडा मी करतो, वायरी तू वढ.”

“मी अजून हो म्हटलेलं नाही, यशवंता.”

“मंग ताट उचल अन् हो म्हण. भोंगा होईल आता.”

तू सिन्नरकडचा, फोर्ज शॉपचा, म्हणजे तापलेल्या लोखंडावर घण चालवणाऱ्या खात्याचा, फोरमन. मी शहरातला, इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचा. तोवर आपली ओळख तुझ्या हॅमरची मोटर जळाली की मला शिव्या घालण्यापुरती होती. त्या ताटापासून पुढे काय घडले ते सातपूरच्या कॉलनीला ठाऊक आहे. मोडीत निघालेल्या एका जुन्या गाडीची चौकट आणि इंजिन आले. तुझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साचे झाले, त्यांत फायबरचे अंग ओतले गेले. रेझिनच्या वासामुळे वहिनींनी त्या बाजूला पापड वाळत घालणे सोडले आणि आपल्या दोघांना ‘शेडमधले’ म्हणायला सुरुवात केली. “शेडमधल्यांनो, चहा झाला,” ही हाक अजून माझ्या कानात आहे.

अंग कॅलेंडरातल्या गाडीचे होते; तिथे आपण नक्कल केली आणि ती लपवली नाही. परंतु डॅशबोर्डपाशी येऊन तू नक्कल करायला साफ नकार दिलास. त्या चित्रात डॅशबोर्डाचा एक काळा कोपरा तेवढा दिसत होता. मी सुचवले की वडाळा नाक्यावर गाड्यांच्या सामानाची इतकी दुकाने आहेत. एकाच जातीचे सहा स्विच आणू, रांगेत बसवू, खाली नावे लिहू. तू त्या दुकानात गेलास, डोळे मिटलेस आणि प्रत्येक स्विच बोटाने दहादा दाबलास, वर केलास, खाली केलास. दुकानदार शेवटी म्हणाला, “काका, स्विच घ्यायचाय का नाडी बघताय?”

“नाडीच बघतोय,” तू म्हणालास. “ह्यो मेलेला हाय.”

मग आपण जिल्हा पालथा घातला. लासलगावच्या मार्केट यार्डाबाहेर एका ट्रॅक्टरवाल्याकडून दिव्यांसाठी ओढायची पितळी मूठ आणली. मालेगावला बंद पडलेल्या एका मागाचे हिरवे बटण मिळाले. ते इंजिन सुरू करायला. तो दुकानदार हसून म्हणाला होता, “चच्चा, गाडी चलाओगे या कपडा बुनोगे?” तू त्याला म्हणालास, “दोनो करेंगे. तुमको क्या?” आपल्याच कारखान्याच्या लिलावातून जुन्या क्रेनचे मोठे दट्ट्याचे बटण आले. आणि सिन्नरच्या बंद पडलेल्या एका युनिटमधून आला तो फिरवायचा स्विच: काळा, जाडजूड, तीन ठिकाणी अडणारा म्हणून तीन घरांचा, मागून रिव्हेट मारून बंद केलेला. तो तू वायपरसाठी ठरवलास, आणि तिथून आपल्या वादाला तोंड फुटले.

परवा एकजण म्हणाला की, यशवंतरावांनी काटकसर म्हणून भंगारातले स्विच वापरले. त्या माणसाने एवढे समजून घ्यावे की डोळे मिटून डॅशबोर्डवर हात फिरवला तर त्यातला एकही स्विच दुसऱ्यासारखा लागत नाही. एक ओढायचा, एक दाबायचा, एक फिरवायचा. एक गार पितळेचा, एक उबदार बॅकेलाइटचा. बोटाला कळावे म्हणून तू त्यांना निवडलेस. “टक् आवाज आला म्हंजी चालू झाला, ह्ये मला चालायचं नाय,” असे तू म्हणालास, “बोटाला धक्का लागला पायजे.” मी ते तेव्हा हट्टाचे लक्षण समजलो. खरे कारण मला पुढे वडाळा नाक्यावर कळले.

तू रस्त्याच्या कडेला वाकून हातातले सामान बघत होतास. मागून ट्रक आला. त्याचा हॉर्न सगळ्या नाक्याने ऐकला; तू मान वर केली नाहीस. मी कॉलर धरून तुला मागे ओढले. तू वळून मलाच ओरडलास, “आरं, शर्ट फाडतो का काय!” आणि मग ट्रकची मागची बाजू जाताना पाहिलीस. घणाच्या आवाजात उभे आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांचे काय होते, हे कारखान्यात सर्वांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही. कापसाचे बोळे तू फक्त साहेब फेरीला आले की घालायचास.

पुढच्या आठवड्यात तू क्रेनचे ते दट्ट्याचे बटण घेऊन डॅशबोर्डपाशी उभा होतास आणि डाव्या बाजूला, शेजारच्या आसनासमोर, खडूने गोल काढला होतास.

“हॉर्न हितं.”

“डोकं फिरलं का तुझं? चालवणाऱ्याचा हात इथे पोचेल कसा?”

“चालवणारा नाय वाजवणार. तू वाजवणार.”

“मी काय रोज असणार आहे गाडीत?”

“असायलाच लागंल,” तू म्हणालास, आणि भोक पाडायला सुरुवात केलीस.

आपल्या मैत्रीविषयी तू कधी काही बोलला असशील तर ते एवढेच. मीही उत्तर वायरीनेच दिले. त्या बटणाच्या वायरीला एक फाटा काढला आणि तुझ्या समोर, स्टिअरिंगच्या चक्राच्या वरच्या अंगाला, एक लहानसा लाल दिवा बसवला. हॉर्न वाजेल तेव्हा तो पेटेल. घाटातल्या वळणापलीकडून कोणी हॉर्न दिला की मी ऐकायचा, आपल्या हॉर्नने उत्तर द्यायचे, आणि तू दिवा पाहून वेग कमी करायचा. मग तशाच आणखी दिव्यांची मागणी तुझ्याकडून आली: वायपरला दिवा, वळण दाखवणाऱ्या बत्तीला दिवा, इंजिनच्या पंख्यालाही दिवा. वहिनी म्हणाल्या, “आता मधोमध गणपती बसवा म्हणजे झालं.” लोक हसले. हसू देत. त्या दिव्यांनी तू इतकी वर्षे सुखरूप गाडी चालवलीस, आणि तुझ्या शेजारी बसून मी इतकी वर्षे सुखरूप राहिलो.

आता वायरिंगविषयी, कारण आरोप माझ्यावरही आहे. सगळ्या वायरी एकाच राखाडी रंगाच्या आहेत आणि हवेच्या दुप्पट आहेत, असे म्हटले गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी विचार करून केल्या आहेत. गाडीचे अंग पत्र्याचे असते तेव्हा प्रत्येक दिव्याची परतीची वायर ते अंगच होते; आपले अंग फायबरचे, त्यातून वीज परत येत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला जायची एक आणि यायची एक. रंगांचे म्हणाल तर मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन नव्हे. मी जन्मभर कारखान्याची पॅनेल्स बांधली. आमच्याकडे वायर एका रंगाची असते आणि तिच्या दोन्ही टोकांना आकड्यांच्या पिवळ्या रिंगा असतात. रंग उडतो, आकडा राहतो. तू त्यावर म्हणाला होतास, “रघ्या, ही गाडी हाय का सबस्टेशन?” मी म्हणालो होतो, “तुझे स्विच क्रेनचे आणि मागाचे. मग वायरिंग कशाचं असणार?” त्या एका फेरीत तू निरुत्तर झालास. शोकसभेत कोणी हे सांगितले नाही, म्हणून मी इथे नोंदवून ठेवतो.

आणि पॅनेलचा आणखी एक नियम आपण त्या शेडमध्ये आणला. मेंटेनन्समध्ये ज्याचा हात पॅनेलच्या आत, मुख्य फ्यूज त्याच्या खिशात. म्हणजे दुसरा कोणी चुकून वीज सोडू शकत नाही. बारा व्होल्टने कोणी मरत नाही हे तुलाही ठाऊक होते, मलाही. तरीही डॅशबोर्डमागे हात घालताना तू फ्यूज काढून खिशात टाकायचास आणि काम संपले की स्वतःच्या हाताने परत लावायचास. दुसऱ्याचा फ्यूज परस्पर लावणे हा आमच्या खात्यात मोठा गुन्हा होता, आणि आपल्या शेडमध्येही होता.

आता इगतपुरी. या प्रकरणाची निरनिराळी वर्णने कॉलनीत फिरत आहेत. तिथे असलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलो, तेव्हा माझे ग्राह्य धरावे.

भाद्रपदाचे दिवस होते. इगतपुरीच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी, ताडपत्रीचे छत लावूनही आपण दोघे भिजलेलो होतो. वायपर चालता चालता थांबला. तू स्विच फिरवलास. दिवा पेटला नाही. पुन्हा फिरवलास, काही नाही. मग तू डोक्यावरची टोपी काढलीस, उजव्या हाताने बाहेरून काच पुसू लागलास आणि डाव्या हाताने गाडी चालवू लागलास. मी सतत हॉर्न दाबून धरला होता. लाल दिवा विझलाच नाही. तसे आपण मागे फिरून इगतपुरीच्या एका चहाच्या टपरीपर्यंत आलो, आणि उतरण्यापूर्वी तू म्हणालास, “तुझा स्क्रू ढिला.”

मी म्हणालो, “तुझा स्विच गंजका.”

“माझा स्विच मशीनवरचा हाय, रघ्या. हत्तीनं पाय दिला तरी मोडायचा नाय.”

“तो दोनशे तीस व्होल्टसाठी केलाय. बारा व्होल्टला गंजाचा पापुद्रा भेदण्याची ताकद नसते. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, साधा वर-खाली होणारा स्विच लाव.”

“अन् मी पहिल्या दिवसापासनं सांगतोय, तुझं हात गार पडलं की स्क्रू पुरता आवळत नाय.”

टपरीवाल्याने मध्ये टॉवेल धरला. “बाबांनो, आधी डोकं पुसा. मंग भांडा. दोघंबी मराल.”

परत येताना घोटीच्या अलीकडे पाऊस ओसरला आणि वायपर आपोआप सुरू झाला. तिथेच सगळा पुरावा नासला. शेडमध्ये आल्यावर मी स्क्रू तपासायला गेलो तर तू म्हणालास, “तू गुपचूप आवळशील.” तू स्विच काढायला निघालास तर मी म्हणालो, “तू गुपचूप घासशील.” दोघांचाही दुसऱ्यावर विश्वास नव्हता, आणि म्हणून त्या जागेला कोणीही हात लावायचा नाही असे ठरले. वर्षे गेली. वायपर कधी चालायचा, कधी नाही. उघड्या गाडीला वायपर हवाच कशाला, असे वहिनींनी एकदा विचारले, तेव्हा आपण दोघांनी मिळून त्यांना गप्प केले. तेवढ्यापुरते आपले एकमत झाले.

शेवटी गेल्या महिन्यात तू म्हणालास, “आज निकाल लावू. लय झालं.” माझ्या डोळ्यांदेखत तू मुख्य फ्यूज काढलास. अंगात बनियन, खिसा नव्हता. “धर, माझा म्हणून ठेव,” असे म्हणून फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात टाकलास. स्विच डॅशबोर्डवरून बाहेर काढलास, आणि तो काढण्याआधी माझे दोन्ही स्क्रू मला स्वतः तपासू दिलेस. ते घट्ट होते. तू म्हणालास, “आज घट्ट हायत. त्या दिशी नसतील.” अशा माणसाशी मी उभा जन्म वाद घातला! मग रिव्हेट फोडायला ड्रिल लावलेस आणि दिवे गेले. लोडशेडिंगची वेळ. “उद्या,” तू म्हणालास. स्विच माझ्या हाती द्यायला तयार झाला नाहीस, स्वतःकडेही ठेवला नाहीस. वहिनींना हाक मारून त्यांच्या स्वाधीन केलास. “हा डब्यात ठेव. ह्यानं मागितला तरी द्यायचा नाय. मी मागितला तरी नाय. दोघं संगं आलो तरच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तू इस्पितळात होतास.

इथे मला नितीनचे म्हणणे खोडून काढायचे आहे. तो तुझा मुलगा आहे, मला मुलासारखा आहे, आणि तो चुकला आहे. शोकसभेत तो म्हणाला, “बाबांना बोलता येत नव्हतं; पण शेवटी त्यांनी हात हलवून आम्हा सर्वांचा निरोप घेतला.” लोकांनी डोळे पुसले. यशवंता, मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलेस, उजवा हात पांघरुणाबाहेर काढलास, अंगठा आणि दोन बोटे जुळवलीस आणि मनगट उजवीकडे फिरवलेस. एक घर. दुसरे घर. तो निरोप नव्हता. तो स्विच होता. आणि मी मान हलवून ‘नाही’ म्हणालो. तू पुन्हा फिरवलास. मी पुन्हा ‘नाही’ म्हणालो. तुझ्या डोळ्यांत जे आले त्याला काय म्हणावे हे मला माहीत नाही, परंतु ती शरणागती खचित नव्हती. आपले शेवटचे बोलणे ते. मरणाच्या दारातल्या माणसाला ‘हो’ म्हणायला काय जात होते, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, मी ‘हो’ म्हटले असते तर आता काही उरले नाही हे तुला त्याच क्षणी कळले असते.

आता गेल्या रविवारचा वृत्तान्त. नितीन पुण्याहून एका जाणकाराला घेऊन आला. तरुण मुलगा, हातात चांगली हत्यारे. डॅशबोर्ड आणि सगळे वायरिंग काढून टाकायचे, मूळ विलायती गाडीसारखी एकसारख्या स्विचची रांग बसवायची, असा त्यांचा बेत होता. मी नितीनला शेडच्या दारातच अडवले.

“हे कशासाठी?”

“काका, मला ही गाडी बाबांची आठवण म्हणून नीट जपायची आहे.”

“म्हणून तुझ्या बापाने निवडलेली प्रत्येक वस्तू उपटून टाकणार?”

तो चिडला. चिडला तेव्हा अगदी तुझ्यासारखा दिसला. मला बरे वाटले. “मग काय करू? ही गाडी जगात फक्त दोन माणसांना कळत होती. एक गेला. उद्या तुम्हाला काही झालं तर मी या राखाडी वायरींचं काय करू, सांगा ना!”

हा प्रश्न योग्य होता हे मी मान्य करतो. त्या क्षणी मान्य केले नाही. मी खुर्ची घेऊन बसलो.

त्या मुलाने बॅटरी जोडली. काही पेटले नाही. त्याने मीटर लावले, डॅशबोर्डखाली डोके घातले, आणि बाहेर येऊन सांगितले की मुख्य लाइनच मेली आहे, सगळे बदलावे लागेल. मी चहा पीत राहिलो. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

“भाऊजी, कोणी तुमच्या वायरीला मेली म्हणतंय आणि तुम्ही गप्प? बरं वाटत नाही का?”

मी उठलो, खिशातून फ्यूज काढला आणि त्या मुलाला दाखवला. “लाइन मेलेली नाही. हिला मी खिशात घेऊन फिरतोय.” मग नितीनला चक्रापुढे बसवले. आपला नियम मोडला, यशवंता; तुझा फ्यूज मी परस्पर लावला. तेवढ्यापुरता लावला आणि का लावला ते तू ऐक. नितीनला रिंगांवरचे आकडे वाचायला लावले. त्याने लासलगावची मूठ ओढली, दिवे लागले. मालेगावचे हिरवे बटण दाबले. इतके दिवस थंड पडलेले इंजिन एकदा खोकले आणि सुरू झाले. एकेक आकडा तो मोठ्याने वाचत गेला आणि एकेक दिवा पेटत गेला. तो पुण्याचा मुलगा वाकून रिंगा पाहत होता, म्हणाला, “काका, गाडीत असं काम मी बघितलं नव्हतं.” मी म्हणालो, “बघणारही नाहीस.” मग त्याने विचारले, “पण हॉर्न असा उलट्या बाजूला का?”

तुझे गुपित मी वहिनींसमोर बोलायला कचरलो. बोलल्या त्या.

“ह्यांना ऐकू येत नव्हतं. शेजारचा माणूस ऐकायचा.”

नितीनचा हात चक्रावर तसाच राहिला. त्याने आईला विचारले, “म्हणून फोन लगेच तुझ्याकडे द्यायचे?”

“म्हणूनच रे.”

“मला वाटायचं, नाशिक सोडलं म्हणून माझ्यावर राग आहे.”

वहिनी म्हणाल्या, “राग असता तर तोंडावर बोलले असते. राग कधी लपवलाय त्यांनी?” आणि मग माझ्याकडे वळून, “भाऊजी, तुम्ही लिहिणार आहात ना त्यांच्यावर? हेही लिहा. लपवण्यासारखं काय आहे त्यात?”

लपवण्यासारखे तुझ्या मते होते, माझ्या मते कधीच नव्हते. तुझ्या माघारी तो वाद वहिनींनी माझ्या बाजूने निकालात काढला. त्यांच्याशी भांडायचे असेल तर तू भांड. मी इतका धीट नाही.

नितीनने इंजिन बंद केले आणि त्या मुलाला हत्यारे आवरायला सांगितले. वायरिंग राहणार. तुझे स्विच राहणार, दिवे राहणार, हॉर्न डावीकडेच राहणार. मग त्याने डॅशबोर्डवरच्या रिकाम्या भोकावर बोट ठेवले. आतून दोन राखाडी टोके दिसत होती, आकड्यांच्या रिंगांसकट.

“इथे काय होतं?”

मी सांगितले. सगळे सांगितले, सिन्नरपासून इगतपुरीपर्यंत, आणि ती इस्पितळातली मनगटाची हालचालही. वहिनी आत जाऊन स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. तू ठेवलास तसाच होता स्विच, एका रिव्हेटवर ड्रिलचा नुसता ओरखडा घेऊन. त्या पुण्याच्या मुलाकडे बॅटरीवर चालणारे ड्रिल होते. “दोन मिनिटांचं काम आहे, काका,” तो म्हणाला. “उघडलं की कळेल गंज आहे की नाही.”

नितीन म्हणाला, “बघू या ना, रघुकाका. तुम्हालाच जिंकायचं होतं ना?”

यशवंता, त्या स्विचच्या आत गंज आहे. त्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. होती असे कोणी पुढे सांगितले तर तो खोटे बोलतो आहे असे समज. परंतु मी डब्याचे झाकण लावले. “दोघं संगं आलो तरच,” असे तू म्हणाला होतास, आणि ती अट मला मान्य होती. तुझ्या गैरहजेरीत लागलेला निकाल मी स्वीकारत नाही. माझ्या बाजूने लागला तरी नाही. तू समोर नसताना जिंकून मी ते सांगायचे कोणाला? व्यवस्थापकांना? ते म्हणतील, यशवंतराव कोणाशी वाद घालतच नव्हते.

त्याच वेळी मी मुख्य फ्यूज पुन्हा काढला.

“काका, फ्यूज तरी द्या,” नितीन म्हणाला. “गाडी चालवायची कशी?”

“चालवायची तेव्हा मला बोलाव. फ्यूज घेऊन येईन आणि डाव्या बाजूला बसेन. पावसात काढायची नाही. वायपरचं काम अजून चालू आहे.”

“कोणाचं काम?”

“तुझ्या बापाचं.”

तो हसला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. येत्या रविवारी गंगापूर धरणापर्यंत जायचे ठरले आहे. त्याला चांगले ऐकू येते, तरी हॉर्न मीच वाजवणार आहे आणि त्याने दिव्याकडे बघायचे आहे; तशी अट घातली आहे.

परत आल्यावर फ्यूज पुन्हा माझ्या खिशात येईल. आपला नियम तसाच आहे. तुझा हात अजून पॅनेलमध्ये आहे.